दाणेवाल्याचा उंबरा

माय, उद्या दुपारी जिनातल्या बायका माझ्या दारी बेलभंडार घेऊन शपथ घालायला येणार आहेत, आणि सकाळपासून माझं चित्त ठिकाणावर नाही. दोनदा दूध उतू गेलं. जावयाला चहाऐवजी नुसतं गरम पाणी दिलं, त्याने बिचाऱ्याने ते पिऊनही टाकलं. आता दवाखान्याच्या ओसरीत बसून तुला लिहितेय. तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊन तर माझे केस पिकले, म्हणजे हा सगळा वेडेपणाच. दाईचं काम शिकवताना इथल्या बाईंनी मला लिहायला शिकवलं, तेही असं पुस्तकी की तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "काहून अशी पुन्यावाल्यावानी बोलून राहिली वं?" हस बाई, हस. पण आज मला तुझ्याशीच बोलायचंय, दुसऱ्या कुणाशी बोलायची सोय नाही.

गोष्ट अशी आहे. इथे अकोल्यात आता सरकी काढायला घरोघरी रेचे फिरत नाहीत, जिनाचा कारखाना झालाय. धुरात आणि कापसाच्या भुसात बायका दिवसभर उभ्या असतात. यंदा ज्वारी महागली आणि त्याच वेळी त्यांची मजुरी कमी केली. का केली, तर मालकाचा हुकूम. मालक मुंबईला राहतो, त्याला कुणी डोळ्यांनी बघितलेलं नाही. मुकादम मात्र रोज समोर दिसतो. तोंडाचा फाटका माणूस आहे. अंगावरच्या पोराला पाजायला बाई बाहेर गेली तर तिचा अर्धा दिवस कापतो. तेव्हा बायकांनी ठरवलं की मुकादमाचं हुक्कापाणी बंद करायचं. पाणक्या जाणार नाही, न्हावी जाणार नाही, धोबी जाणार नाही. आणि दाई जाणार नाही. दाई म्हणजे मी. मुकादमाची लेक पहिलटकरीण आहे, बापाच्या घरी आलीय, दिवस भरलेत. सातव्या महिन्यात तिने आपल्या हाताने मला विडा दिलाय. विडा घेतला की बाळंतीण आपली झाली, हे तूच मला शिकवलंस.

म्हणून मला अमरावतीची ती गल्ली आठवते. किती विसरू म्हटलं तरी आठवतेच. विलायतेच्या पलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्याच्या त्याच्या शेतात कापूस. बैलांच्या शिंगांना लोकांनी चांदी मढवली, लग्नात हत्ती आणले, आणि बाजारात ज्वारी मिळेना. कुणी फारशी पेरलीच नव्हती तर मिळणार कुठून! मी बाळंतपणाला तुझ्याकडे आलेली, पोट हे एवढं पुढे, आणि तू माझ्या ताटात भाकरी वाढून स्वतः चुलीकडे तोंड करून बसायचीस, म्हणजे तू काय खातेस ते मला दिसू नये. मला दिसत होतं, माय. तू आंबाडीची भाजी नुसतीच चघळत होतीस.

मग ती लिंबाखालची बैठक. गाडीवान, हमाल, पिंजारी, रेच्यावरच्या बायका, सगळी गल्ली जमलेली. मी आपल्या दारातून बघतेय. गाडीवानांचा म्होरक्या म्हणतो, दाणेवाल्यानं ज्वारी जमिनीखाली पेवात दाबून ठेवलीय, जोवर पेव उघडत नाही तोवर त्याच्या उंबऱ्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. गर्दीत नुसता कालवा उठतो. आणि तू, जिला कधी चारचौघांत बोलताना मी ऐकलं नव्हतं, ती पदर खोचून उभी राहतेस. "दाबली असन त्यानं. पन कापसावाल्या शेठनं तर उभ्या शेतातली ज्वारी इकत घेतली, त्याचे कोठे भरले हायेत. त्याचं नाव काहून नाही घेत कोनी?" म्होरक्या वाईट माणूस नव्हता. त्याने खरं ते सांगितलं. म्हणाला, "बाई, शेठची पान्याची हीर त्याच्याच वाड्यात हाये. न्हावी त्यानं आपला सोबत आनला. आमी नाही गेलो तर त्याले समजनारबी नाही. अन् आमच्या गाड्या त्याच्याच कापसावर चालतात. दाणेवाल्याले आपली गरज हाये, त्याले लागन." पिंजारीचाचाने मान खाली घातली. तू खाली बसलीस. मग बेलभंडार फिरला, पिंजारीचाचाने आपल्या कापूस पिंजायच्या धनुकलीवर हात ठेवला, आणि तूही बेल उचललास. मी दारातून ओरडणार होते, दाणेवाल्याच्या सुनेचा विडा आहे ना तुझ्याकडे! पण मी कशाची ओरडते. मलाही ज्वारी हवी होती.

दाणेवाला काही देवमाणूस नव्हता, हे मी आजही कबूल करते. वजनात मारायचा, खडे मिसळायचा, रडणाऱ्या बाईला हसायचा. त्याचं पाणी बंद झालं तेव्हा मला आनंदच झाला. रोज सकाळी त्याची म्हातारी आई स्वतः घागर घेऊन निघायची, ती दिसली की आम्ही बायका एकमेकींना कोपराने ढोसायचो. आणि समोरून शेठच्या कापसाच्या गाड्या घुंगरं वाजवत जायच्या, त्यांच्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. चांगले हसतखेळत चालले होते दिवस. मग एका सकाळी दाणेवाला तुझ्या दारात उभा. डोक्यावर पगडी नाही. "सुईनबाई, सून अडली. चाल माय." तू चूल सारवत होतीस. तुझे हात थांबले. गल्लीतलं एकेक दार उघडलं, सगळे बघतायत. तू म्हणालीस, "माहा पाय तुमच्या उंबऱ्यात येनार नाही, म्या शपथ घेतली. पोरीले इथं आना. इथं करते मी तिचं." माय, तेव्हा मला वाटलं होतं की वा, काय तोड काढली! शपथही राहिली आणि विडाही राहिला. गल्लीलाही तसंच वाटलं असणार, कुणी हरकत घेतली नाही.

पण त्या घरच्या म्हातारीला ते कसं सोसावं? घरची सून सुईणीच्या खोपटात बाळंत होणार? ती म्हणे दाराला पाठ लावून बसली, हलेना. दाणेवाला तीनदा हेलपाटे घालून गेला. तू आतबाहेर करत होतीस, पाणी तापवत होतीस, निवलं की पुन्हा तापवत होतीस. "एवढं तर अंतर हाये," असं पुटपुटत होतीस. खरंच, दोन्ही घरांमध्ये एवढंसं अंतर. पाय बाहेर ठेवून तू त्यांच्या उंबऱ्यावर आडवी झाली असतीस तर तुझे हात आत पोचले असते, इतका साधा विचार कुणाला सुचला नाही, कारण सगळे शपथेचा विचार करत होते, पोरीचा कुणीच नाही. उन्हं चढली तेव्हा तिला खाटेवर घालून आणली. माझ्यासाठी तू जे अंथरूण घालून ठेवलं होतंस, त्याच्यावर ती आली. तू किती झटलीस ते मी बघितलं. पोर झालं, पण रडलं नाही. मुलगा होता.

सून वाचली. पण तिला हलवायची नाही म्हणून ती आपल्याच घरात राहिली, माझ्या शेजारी. अंजनगावची होती, माझ्याच वयाची. तिला ताप होता आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणजे पोट लपवायला जागा असती तर मी लपवलं असतं. एकदा तू तिला पेज भरवत होतीस तेव्हा ती अशी घाईघाईने प्यायली की तू म्हणालीस, "हळू वं पोरी, कोनी नेत नाही." ती म्हणाली, "बाई, लोक म्हनतात आमच्या घरी ज्वारीचे पेव भरले. मले तिथं पोटभर कधी वाढलं नाही." तू वाडगा खाली ठेवलास आणि बाहेर गेलीस. बराच वेळ आली नाहीस.

दाणेवाल्याने पेव उघडलं, हेही लिहायला हवं. नातवाच्या दुःखाने उघडलं की पाण्यावाचून, देव जाणे. ज्वारी निघाली, चांगली घसघशीत निघाली, म्हणजे गल्लीचं म्हणणं खोटं नव्हतं. लोकांनी गुलाल उधळला. त्या ज्वारीची भाकर तू मला केलीस आणि मी ती खाल्ली, गोड लागली. थोडे दिवस स्वस्ताई झाली, मग ज्वारी पुन्हा महागली, कारण शेठचे कोठे बंदच होते. त्याच्या दारावरून कुणी कधी ओरडत गेलं नाही. उलट त्या दिवाळीला त्याने हमालांना धोतरजोडे वाटले.

माझं बाळंतपण तूच केलंस. कळा सुरू व्हायच्या आधी मी तुला विचारलं होतं, तू गेली असतीस तर वाचलं असतं का गं? तू माझ्यावर कधी हात उगारला नव्हतास, तेव्हाही नाही, पण असा आवाज मी तुझा ऐकला नव्हता. "तू मले शिकवू नको. सगळ्यायच्या पोटाचा सवाल होता." मग माझ्या केसांवरून हात फिरवलास. तो विषय आपल्या दोघींत परत निघाला नाही. लिंबाखाली मात्र तू पुन्हा कधी बसली नाहीस, हे मी बघितलं.

आता उद्याचं काय करू? या बायकांचं काही चुकलंय असं मी कशाच्या तोंडाने म्हणू? त्यांची पोरं मीच या हातांनी काढलीत, त्यांचे पिचलेले हात मीच बघते. त्यांच्याकडे दुसरं आहे तरी काय? मालकाला त्यांचा आवाज पोचत नाही. मुकादमाला पोचतो. ज्याला लागेल त्यालाच मारायचं, यात अन्याय आहे हे मला दिसतं, आणि न मारता गप्प बसायचं तर त्यांनी उपाशी मरायचं, हेही मला दिसतं. मी काही शहाणी नाही. डोकं भणभणतं नुसतं. मी त्यांच्याबरोबर जिनाच्या फाटकाशी बसेन. मुकादमाला तोंडावर बोलेन, मला भीती नाही त्याची. पण उंबऱ्याची शपथ मी घेणार नाही. त्या माझ्याशी भांडतील. फुटली म्हणतील, मालकाची झाली म्हणतील. मग माझंच हुक्कापाणी बंद झालं तर? या वयात पाणी कोण भरणार माझं?

हा कागद पाठवायचा कुठे? टपालवाल्याला तुझा पत्ता सांगितला तर तो मलाच दवाखान्यात भरती करील. राहू दे माझ्या कनवटीला, फाटेल तेव्हा फाटेल. फक्त एक गोष्ट आहे, जी मी तुला जिवंतपणी बोलले नाही. त्या दिवशी दाणेवाल्याच्या घरात मी अडलेली असते तर तू बेलभंडार विसरून धावत आली असतीस. गल्लीने दगड मारले असते तरी आली असतीस. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. शेजारी तापात पडलेल्या तिलाही ठाऊक होतं, ती माझ्या पोटाकडे बघायची तेव्हा मला कळायचं. आणि माय, तिच्या अंथरुणाला अंथरूण लावून पडल्यापडल्या मला त्याचं बरं वाटत होतं.