वरच्या खोलीतला नळ

ता. ६ डिसेंबर

चि. सौ. चिमणीस,

वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सामान मागच्या आठवड्यात पोचलं. पितळी कॉक एक, सव्वाचार रुपये. हातभर पाइप, तीन. गोणपाटाच्या पट्ट्या आणि सुतळी मिळून दीड. मिस्त्रीची मजुरी वेगळी, आणि तो चहाला दोनदा बसला ते आणखी वेगळं. हे सगळं कशापायी ते सांगते, घाबरू नकोस.

पंधरा दिवसांपूर्वी असा गारठा पडला की वरच्या खोलीतल्या नळाचा पाइप भिंतीतच गोठून उलला. गोठलेला होता तोवर काही कळलं नाही. दुपारी ऊन आलं, आतला बर्फ सुटला आणि स्वयंपाकघराच्या छतातून थेट माझ्या पिठाच्या डब्यावर धार! तुझे दादा दाराबाहेरचा मोठा कॉक फिरवायला धावले, तर तो गंजून बसलेला. त्यांनी त्याला खूप शिव्या घातल्या, पण तो काही हलेना. शेवटी मी तेल सोडून हातोडीने हळूहळू ठोकला तेव्हा कुठे पाणी थांबलं. आता नवीन कॉक बसवलाय, आणि दर महिन्याला एकदा फिरवून बघायचा असं मी स्वतःला बजावलंय.

मिस्त्रीने पाइपांना गोणपाट गुंडाळलं. बजावून गेला की थंडी फार असेल तेव्हा वरचा नळ रात्री अगदी बारीक, सुतासारखा चालू ठेवायचा. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. मला तर ते ऐकूनच कसंतरी झालं. पाणी वाहतंय आणि आपण अंथरुणात! म्हणून खाली बादली ठेवते आणि ते पाणी धुण्याला घेते. देवाला तेवढं चालत असेल.

तू बाळाला घेऊन यायचीस म्हणून हा सगळा आटापिटा. सासूबाईंची ती वरचीच खोली तुम्हा दोघांना देणार आहे. जावईबापू दोन महिने बोटीवर, तू तिथे एकटी, आणि या घरात लहान मूल रडल्याला किती वर्षं झाली ते विचारू नकोस. पाळणा माळ्यावरून काढून, पुसून, टांगूनसुद्धा ठेवलाय.

एक मात्र विचित्र चाललंय. गारठा वाढला की झोपायच्या आधी मी जिन्यातून यांना ओरडून सांगते, की वरचा नळ जरा वाढवा. सकाळी जाऊन बघावं तर नळ घट्ट बंद! वर मुठीला चिंधी बांधलेली. एकदा पाइप परत गोठलासुद्धा. गरम पाण्यात बुडवलेली फडकी नळाकडून मागे मागे गुंडाळत मी तो सोडवला. हे शपथेवर सांगतात की मी जिना चढलोच नाही, मला तुझी हाक ऐकूच आली नाही. ऐकू न येण्यात यांचा हातखंडा आहे, पण चिंधी बांधण्याइतका उरक यांच्यात कधी दिसलेला नाही.

बाळाच्या खोकल्याचं कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

&nbsp;

ता. ११ डिसेंबर

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसले. तुला कोडं पडलंय, मला नाही. अगं, तूच झोपेत उठून नळ बंद करत असशील! जी बाई काडेपेटीतल्या काड्या मोजते तिला वाहत्या नळाखाली झोप लागेलच कशी? दादावर उगाच आळ घेऊ नकोस, तो जागेपणी नळ बंद करत नाही तर झोपेत काय करणार.

चिंधीचं वाचून मात्र आईची आठवण आली. तीही नळाला चिंधी बांधायची ना, दुहेरी गाठ मारून टोक आत खोचायची? दिसेनासं झाल्यावरसुद्धा तिच्या बोटांना ती गाठ बरोबर जमायची. तू तिच्याकडूनच शिकलीस, आता विसरलीस एवढंच.

बाळाचा खोकला गेला. आता मुठी चोखतो आणि भिंतीकडे बघून हसतो. एकोणीस तारखेच्या गाडीने आम्ही निघतो. आईला पत्रं मोठ्याने वाचून दाखवायची तुझी सवय अजून आहे असं दादा म्हणत होता. मग हेही तिच्या फोटोसमोर वाच. तिला माझा निरोप सांग, की आई, तुझी लेक येतेय, दमून गेलीय, नातवाला आता तूच वाढव.

तुम्हा दोघांची माया अशीच राहो, म्हणजे मला माहेर राहील.

तुझी,
चिमणी

&nbsp;

ता. १५ डिसेंबर

चि. सौ. चिमणे,

आशीर्वाद.

हातातलं काम खाली ठेव आणि आधी हे वाच. तू येऊ नकोस. तिकीट काढलं असशील तर फुकट जाऊ दे. हे तुझी काड्या मोजणारी वहिनी लिहितेय, यावरून काय ते समज.

रागावले नाही गं. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मला वाटलं होतं की कोडं सुटलं. भांडी घासताना एकदम लक्षात आलं. सासूबाईंच्या तोंडी बंद कर, विझव हे शब्द कधी आले का? अशुभ म्हणून त्या दिवा वाढव म्हणायच्या, चूल वाढव म्हणायच्या, आणि नळ बंद करायचा असला की नळ वाढव. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांचं ऐकून नळ आणखी सोडला होता आणि बोलणी खाल्ली होती. आणि आता मीच रोज जिन्यातून ओरडत होते, नळ वाढवा.

यांना ऐकू गेलं नव्हतं. दुसऱ्या कोणाला तरी गेलं होतं.

त्या संध्याकाळी मी वर जाऊन साध्या शब्दांत सांगितलं, की सासूबाई, धार बारीक चालू राहू द्या. गंमत म्हणून मुद्दाम नळ बंद करून खाली आले. सकाळी सुतासारखी धार पडत होती, आणि बादलीखाली फरशी ओली होऊ नये म्हणून फडकंसुद्धा घातलेलं होतं. मी भ्यायले नाही. उलट डोळे भरून आले. शेवटी शेवटी दिसत नव्हतं तरी त्या सांगाल ते काम करायच्या, आठवतं ना? नुसतं बसून राहायचं म्हणजे त्यांना लाज वाटायची. मी फोटोला नमस्कार केला.

दुपारी तुझं पत्र आलं. तू सांगितलंस तसं फोटोसमोर बसून मोठ्याने वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, तुझा निरोपही वाचला. भिंतीतला पाइप बारीक टकटक करत होता, तो एकदम गप्प झाला. मला वाटलं, त्यांना आनंद झाला. तुझ्या निरोपातलं ते शेवटचं वाक्य, तूच वाढव, तोंडातून गेलं होतं, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

आज सकाळी वर गेले. नळ छान वाहत होता. पाळण्याच्या मात्र दोन्ही दोऱ्या एकत्र ओढून चिंधीने करकचून बांधल्या होत्या. दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं.

हे तर वर फिरकलेच नाहीत. मीही झोपेत उठले नाही. रात्री यांनी आमच्या खोलीच्या दाराला आतून कुलूप घालून किल्ली उशीखाली ठेवली होती, मीच ठेवायला लावली होती.

मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं गं. सांभाळा, जपा, लेकराला काही होऊ देऊ नका. त्या वाईट नाहीत, चिमणे. त्यांच्याइतकी नातवाची वाट कोणी पाहिली नसेल. पण माझ्या बोलण्यातलं त्यांना काय पोचलं, तुझा निरोप मी मागे घेतलाय हे त्यांना उमगलं की नाही, हे कळायला एकच मार्ग आहे, आणि तो मला करून बघायचा नाही.

तार करायला गेले होते. बर्फाने खांब आडवे झालेत, चार दिवस लागतील म्हणाले. हे पत्र आजच्या टपालात जातंय. देवाने एवढं ऐकावं, की ते गाडीच्या आधी तुझ्या हाती पडो.

माझ्यावर रुसलीस तरी चालेल. पण उलट टपाली दोन शब्द लिही, की तू निघाली नाहीस.

तुझी,
वहिनी