चार बोटं उघडं दार

३ फेब्रुवारी, सोमवार

सूड घ्यायचा. शांतपणे, कायद्याच्या चौकटीत, पण घ्यायचाच.

आज फेलोशिपची ऑनलाइन मुलाखत होती. मोबाइलवर तीन जणांचं पॅनेल. मी ग्रामीण स्त्रीच्या निर्णयस्वातंत्र्यावर बोलत होते आणि छान बोलत होते. एवढ्यात शेजारची हिरीबाई चाळणी मागायला सरळ आत आली. बाजेवर मला चिकटून बसली, स्क्रीनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "हे पाहुणे व्हय? यातला पोरगा कोनता वं?"

पॅनेल हसलं. पॅनेलच्या प्रमुख मॅडमही. मुलाखत आता तेरा तारखेला पुन्हा आहे. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि माझं करिअर एका चाळणीत अडकलं.

५ फेब्रुवारी

हिरीबाईशी अबोला धरून पाहिला. दुपारपर्यंत. तिच्या लक्षातच आलं नाही.

एका व्हिडिओत उपाय सापडला. डोअर गार्ड. दाराला आतून लावायचा, मग दार फक्त चार बोटं उघडतं. बाहेरच्याने फटीतून नाव सांगायचं, काम सांगायचं, आपण ठरवायचं. हा सूड नाही, सुरक्षितता आहे. (सूडही आहे.)

आईला समजावलं. ती म्हणते, आपन वावरात गेलो का घर हिरीबाईच पाह्यते, तिलेच बाहेर ठेवतं काय? या पिढीला प्रायव्हसीची कल्पना नाही. वाद घातला नाही.

६ फेब्रुवारी

वाशिमला गेले. हार्डवेअरच्या दुकानात साखळीवाला आणि दांडीवाला असे दोन प्रकार होते. साखळी कापता येते म्हणून दांडीवाला घेतला. हिरीबाई साखळी कापेल असं नाही, पण शत्रूला कमी लेखू नये. दुकानदाराने विचारलं, म्याडम, लॉज टाकून राह्यल्या का. दुर्लक्ष केलं.

बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

७ फेब्रुवारी

आपलं दार दोन फळ्यांचं आहे हे घरी आल्यावर लक्षात आलं. गार्ड एका फळीच्या दारासाठी असतो. चूक माझी नाही, व्हिडिओत दोन फळ्यांचा विषयच नव्हता. डावी फळी खालीवर बोल्ट मारून कायमची बंद केली. राहिलेलं अर्धं दार म्हणजे एका फळीचंच दार. डोकं चाललं की असं होतं.

ड्रिल मशीन गल्लीत फक्त हिरीबाईच्या घरी आहे. कशाला हवी ते सांगितलं नाही. पट्टी सरळ धरायला कोणी नव्हतं, ती हिरीबाईने धरली. कायचं व्हय हे, असं तिने विचारलं. कळेल, म्हटलं. मनातल्या मनात हसले.

८ फेब्रुवारी

तुरीचं पोतं अर्ध्या दारातून आत येत नाही. बाबांनी आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. शेवटी पोतं अंगणात आणि बाबा पोत्यावर. "घर दौलतरावचं, अन् दार अर्धंच," स्वतःचंच नाव घेऊन एवढंच म्हणाले. मोठ्या बदलाला घरातूनच विरोध होतो.

दुसरं म्हणजे, आमच्या अनसिंगमध्ये दिवसा कोणी दार लावत नाही. लावलं तर घरात कोणीतरी वारलं, असंच लोक समजतात. दुपारपर्यंत तीन जण विचारून गेले. तिघांना फटीतून संमतीचं महत्त्व सांगितलं. ऐकणारे कमी होते, पण सुरुवात झाली.

१० फेब्रुवारी

विजय. हिरीबाई आली आणि अडली. मी फटीतून विचारलं, नाव काय, काम काय.

"हिरी. तुये लंगोट धुतले ना, थे हिरी."

आज कामात आहे, म्हटलं. ती रागावली नाही. फटीतून कढीची वाटी पुढे केली. वाटी सरळ आत येईना, तिरपी केली तर कढी उंबऱ्यावर. पुसावी मलाच लागली. पण तिचा चेहरा चार बोटांच्या फटीत बघताना जे समाधान मिळालं, त्यापुढे कढी काहीच नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळ

आज मुलाखत. आई-बाबा वावरात. गार्ड लावलेला. हिरीबाई येऊन गेली. तिला सांगितलं, आत यायचं नाही, बाहेर बसायचं आणि कोणालाही दार वाजवू द्यायचं नाही. "बरं माय," म्हणाली आणि पायरीवर बसली. स्वतःच्याच शत्रूला पहारेकरी केलं. सूड पूर्ण.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

घडलं ते सरळ लिहिते.

हिरीबाई उन्हात बसली म्हणून तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. कोणी काही विचारलं की ओठांवर बोट ठेवायची. आमचं दार बंद, आणि रोज आत असणारी हिरीबाई तोंड झाकून बाहेर गप्प. लोकांनी काढायचा तोच अर्थ काढला. माणसं जमली, बाया बसल्या. निर्णयस्वातंत्र्यावर मी दुसरं वाक्य बोलत असताना बाहेर पहिली बाई रडली.

मॅडमनी विचारलं, घरी काही झालंय का? मी उठून गार्ड काढायला गेले. तो काढायचा तर दार आधी पूर्ण लावावं लागतं, आणि बाहेरून वीस-पंचवीस माणसं दार ढकलत होती. तेवढ्यात वावरातून बाबा आले. घरात एकटी मीच होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी धडक दिली तसा गार्ड लाकडाच्या तुकड्यासकट उपटून आला. बाबांनी मला उभी पाहिली आणि उंबऱ्यातच खाली बसले. हमसून रडले. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. पाणी दिलं. पाठीवर हात ठेवला.

मोबाइल चालूच होता. मॅडमचेही डोळे भरले. घरच्यांना सांभाळा, म्हणाल्या, मुलाखत नंतर बघू. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

१५ फेब्रुवारी

मॅडमचा मेसेज. अर्ज कायम आहे. सोमवारी त्या स्वतः अनसिंगला येणार आहेत. सांत्वनालाही आणि उरलेल्या प्रश्नांसाठीही.

उत्तरात सगळं खरं लिहायचं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१५ फेब्रुवारी, नंतर

लिहिलं. पाठवलं नाही. नेटवर्क नव्हतं. आता आहे, पण आता वेळ योग्य वाटत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आई म्हणते, मॅडमसमोर दुःखाचं सोंग मले जमनार नाही. बाबा तुटलेल्या फळीकडे बघत बसतात. एकच माणूस उरलं. दुपारी स्वतः तिच्या घरी गेले. दार सताड उघडं होतं, तरी दारातच उभी राहिले आणि उद्याचं सगळं सांगितलं. हिरीबाई तूर पाखडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं.

"रडीन मी," म्हणाली. "तुयासाठी रडीन. पण पोरी, मेलं कोन थे तं ठरव."