खंडेनवमीला बंद राहिलेली पेटी

हातखंबा,
२४ सप्टेंबर २०२५

चि. भार्गवीस श्यामकाकाचे अनेक आशीर्वाद.

काजू फोडायचं पायाने चालणारं यंत्र, पूर्णगडच्या तीन बोटींचे पंप, तुझ्या सुनेत्राकाकूचा चकलीचा पितळी सोऱ्या, शाळेची घंटा आपोआप वाजवणारं घड्याळ आणि तुझ्या प्रयोगशाळेतली जीवाणू वाढवायची उबदार पेटी. एवढं मी या दोन हातांनी केलं. दहावीनंतर कुठल्या वर्गात बसलो नाही. यातलं एकही दुरुस्तीला परत आलेलं नाही. आता तुझे मार्गदर्शक गुरुप्रसाद सर म्हणतात, पेटी बिघडलेली आहे. फोनवर सांगताना तू रडलीस, म्हणून उत्तर कागदावर देतो. फोनवर बोललेलं उद्या नाकारता येतं.

मला समजलं ते असं. पूर्णगडच्या विहिरीतल्या दगडावर तुला सापडलेला जांभळा जीवाणू पेटीत पांढराच वाढतो. सरांच्या मते माझ्या पेटीची ऊब वरखाली होते, त्या धक्क्याने त्याची रंगाची जनुकं गेली, आणि दिवाळीपर्यंत रंग दिसला नाही तर तुझा पीएचडीचा विषय बंद. वा! सरांनी सदतीस अंश सांगितले, पेटी सदतीसच देते. चारी कोपऱ्यांत तापमापक ठेवून बघावेत, फरक निघाला तर मिशी उतरवीन. ज्या गृहस्थाला स्वतःच्या स्कूटरचा प्लग साफ करता येत नाही, त्याने माझ्या पेटीची नाडी बघू नये.

येत्या बुधवारी खंडेनवमी. मी केलेलं हत्यार त्या दिवशी चालत नाही, मग ते कुठेही असो. तुमच्या शिपायाला, बाबूला, सांगून ठेवलंय : पेटी पुसायची, बंद करायची, झेंडू वाहायचा. तुझी हरकत मी ऐकणार नाही.

काकूचा गुडघा बरा आहे. वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

श्यामकाका


रत्नागिरी,
५ ऑक्टोबर २०२५

ती. श्यामकाकांस भार्गवीचा सा. न. वि. वि.

तुमच्यावर इतकी चिडले होते की पत्र न लिहिण्याचं ठरवलं होतं. बाबूने बुधवारी पेटी बंद केली. गुरुवारी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, प्रयोगशाळेला कुलूप. शुक्रवारी बघते तर पेटी गार, वर सुकलेला झेंडू. मी बाबूला नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, ‘काकांचा हुकूम होता, नारळही वाढवलाय आणि खोबरं तुमच्या वाटणीचं ठेवलंय.’

मग दार उघडलं. काका, जीवाणूंच्या प्लेटा जांभळ्या! पिकल्या जांभळासारख्या.

जनुकं कुठे गेलीच नव्हती. जीवाणूच्या अंगात ती लिहिलेली असतात, पण लिहिलेलं सगळं तो सदासर्वकाळ वाचत नाही. सदतीस अंशांच्या उबेत याने रंगाचं पान मिटून ठेवलं, विहिरीसारखा गारवा मिळताच उघडलं. तुम्हाला गाणं येतं, पण काकूसमोर तोंड उघडत नाही ना, तसंच. मी मुद्दाम अर्ध्या प्लेटा पेटीत आणि अर्ध्या बाहेर ठेवल्या : आतल्या पांढऱ्या, बाहेरच्या जांभळ्या. सदतीस अंश ही माणसाच्या अंगाची ऊब, सर ती सरसकट सगळ्यांना लावतात, आणि मीही विचारलं नाही. खरं सांगू? तुमची पेटी फार इमानी. जरा बिघडलेली असती, तर रंग जुलैतच दिसला असता!

विषय वाचला. पण सरांना आता लेखात लिहायचंय की पेटी त्यांनी योजून बंद करवली. मी लिहिलं होतं, ‘खंडेनवमीच्या प्रथेनुसार पेटी बंद होती.’ त्यांनी ती ओळ खोडली, लोक हसतील म्हणाले. मी सांगितलं, ती ओळ गेली तर माझंही नाव काढा. ते तुमच्याकडे येणार आहेत. तुम्हाला पटेल ते करा, फक्त शिव्या देऊ नका. त्यांच्या हाताखाली मला अजून दोन वर्षं काढायची आहेत.

काकूंना नमस्कार. राग आला तरी माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुमची भार्गवी


हातखंबा,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

तुझे सर काल आले. चहा दिला, शिव्या दिल्या नाहीत. लेथ मशीनला त्यांनी ‘ड्रिल’ म्हटलं, तेही गिळलं. माझी पेटी बिघडलेली म्हणणारा माणूस तासभर तिचीच स्तुती करत होता. असली स्तुती मी पायपुसण्यालाही वापरणार नाही.

‘जरा बिघडलेली असती तर’ हे तुझं वाक्य काकूने मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं आणि पदर तोंडाला लावून हसली. हसू दे. सांगितलेला आकडा पेटीने पाळला. आकडाच चुकीचा, त्याला पेटी काय करील? पुढची पेटी गार आणि गरम दोन्ही करील. ती फक्त तुझ्यासाठी, तुझ्या नावाची पट्टी ठोकून. आणि ती ओळ खोडू द्यायची नाही. लोक नवमीला हसले तर हसोत, खोट्याला तरी हसणार नाहीत. बाबू विचारतो, मग नारळही सरांच्याच सांगण्यावरून वाढवला का?

जेवत जा गो. इकडची ऊब कायम आहे, वरखाली होत नाही.

श्यामकाका

ता. क. सरांचा देकार असा होता : एक ऑक्टोबरला पेटी त्यांच्या आज्ञेवरून बंद केली, असं मी आणि बाबूने सही करून द्यायचं, मग सहा नव्या पेट्यांचं काम मला, एकेक पन्नास हजारांची. मी नको म्हटलं. तीन लाख रुपये.