तीन पानांची लिली

प्रिय ठमे,

तुझी पीस लिली जिवंत आहे. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून तुला शंका येईल. तू सुट्टीवर येईपर्यंत ती जगवायची, एवढं एकच काम तू माझ्यावर सोपवलंस, तेही फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून: 'मान टाकली की पाणी घाला.' मी तीस वर्षं शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. तक्रार आली की पाणी सोडायचं, एवढं मला येतं. पाणी जास्त झालं अशी तक्रार तीस वर्षांत एकाही माणसाने केली नाही. तेव्हा लिलीने मान टाकली की मी तांब्याभर पाणी घालायचो. ती आणखी मान टाकायची. मी आणखी एक तांब्या.

त्यात घरात अबोला. तू गेल्यापासून तुझी आई माझ्याशी बोलत नाही. पण गप्प बसेल ती तुझी आई कसली? ती झाडांशी बोलते. रबराच्या झाडाची पानं पुसता पुसता त्याला सांगते, "चहा ओट्यावर झाकून ठेवलाय बरं का. ज्यांना हवा त्यांनी घ्यावा. कप विसळल्याने हात झिजत नाहीत म्हणावं." मीही मागे हटलो नाही. मनीप्लँटला म्हणालो, "आज साखर विसरली वाटतं." त्यावर रबराच्या झाडाला कळवण्यात आलं की साखर विसरलेली नसून डॉक्टरांनी बंद केली आहे. असा पाच आठवडे संसार झाला.

मधल्या काळात लिलीची पानं पिवळी पडली, कुंडीभोवती चिलटं फिरू लागली. मागच्या मंगळवारी सकाळी मी तांब्या घेऊन गेलो, तर तुझी आई तांब्या घेऊन तिथे उभी. ती रोज दुपारी, मी झोपलो की पाणी घालत होती. त्या दिवशी दुपारी दात दाखवायला जायचं होतं, म्हणून सकाळीच उरकत होती. "तुम्ही पण?" ती म्हणाली. लिलीला नाही, मला. मग आम्ही अर्धा तास भांडलो. फार बरं वाटलं.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली. बाहेरच्या शोभेच्या कुंडीत चार बोटं पाणी साचलेलं. मुळं काळी, मऊ, आणि वास असा की मला माझी नोकरी आठवली. आईने आपली शिवणाची कात्री दिली. हिने मला त्या कात्रीने कधी कागदसुद्धा कापू दिलेला नाही. "काळी कापा, पांढरी ठेवा." "मला शिकवू नकोस." "वेळेवर शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती." कोरड्या मातीत, भोक असलेल्या कुंडीत लावून झाली तेव्हा तीन पानं उरली होती. आता मातीत बोट खुपसून पाहतो. दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी. ते कोण घालणार, यावर रोज वाद होतो.

आई म्हणाली, नर्सरीतून तेवढीच दुसरी आणा, पोरीला काय कळतंय! मी आणली. चकचकीत, दोन पांढरी फुलं असलेली. तुझ्या टेबलावर ठेवली आणि मला दिवसभर त्या खोलीत जाववेना. दर रविवारी तू फोनवर लिलीची चौकशी करतेस, माझी करत नाहीस. बरोबरच आहे. तू निघालीस तेव्हा मी गच्चीवर टाकी धूत होतो. टाकी स्वच्छ होती. तू फाटकाशी वीस मिनिटं थांबलीस, ते मी वरून पाहिलं. आईचा राग त्याचाच आहे. तुला वाटलं असेल, मी रागावलो होतो. खाली आलो असतो तर जाऊ नकोस म्हणालो असतो, एवढंच. नवी लिली मी शेजारच्या शिंपीणबाईंना देऊन टाकली. तू बावीस तारखेला येतेस, हे आईकडून कळलं. मी स्टेशनवर येईन. तिथे मला काही बोलता येईल असं वाटत नाही. बॅग तेवढी माझ्याकडे दे.

तुझाच,
बाबा