ओवाळणीचा चेक

बजाजनगर, औरंगाबाद
६ मार्च १९९४

ती. द्वारकाअक्कास,
कडूबाचा सा. न. वि. वि.

नमस्कार रिवाज म्हणून लिहिला आहे, मनातून नाही.

बँकेनं माझ्यावर कोर्टात तक्रार केली आहे. लेथ मशीनच्या कर्जाचा हप्ता म्हणून दिलेला चेक नोव्हेंबरात परत गेला. खात्यात सहा हजार आहेत अशी माझी खात्री, म्हणून बँकेची नोटीस मी ऐटीत फाडून टाकली. आता कोर्टाचं पंचवीस तारखेचं समन्स आलं. काल मॅनेजरला खोटं पाडावं म्हणून पासबुक भरून घेतलं, तर भाऊबीजेनंतर चौथ्याच दिवशी पाच हजार तुझ्या नावावर गेलेले. सगळ्यांसमोर तोंडघशी पडलो.

अक्का, ओवाळणीचा चेक बँकेत कोण टाकतं? तीन वर्षं तू तो दुसऱ्या दिवशी परत देत होतीस. यंदा विसरली असशील म्हणून मी बोललो नाही.

पंचवीस तारखेच्या आत हप्ता आणि खर्च मिळून साडेपाच हजार रोख भरले, तर तडजोड करून तक्रार मागे घेऊ, असं मॅनेजर म्हणतात. वाळूजच्या कंपनीनं माझं बिल अडवलंय. तुरुंगात जायची वेळ आली आहे. पाच हजार परत पाठव.

तुझाच म्हणवून घेणारा,
कडूबा

*

वेरूळ
१२ मार्च १९९४

चि. कडूबास,
अनेक आशीर्वाद. हे मात्र मनातून आहेत.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. दरवर्षी माझ्या सासरच्या माणसांसमोर ताटात चेक ठेवायचा, वाहवा घ्यायची, आणि सकाळी बस धरायच्या आधी पुढच्या महिन्यात देतो म्हणत परत मागायचा. मी गुपचूप देत आले. ते पंधरा हजार मी कुठं दडवले, हे सासूबाई अजून विचारतात. यंदा तुझ्या भाचीच्या, कालिंदीच्या नर्सिंगची फी भरायची होती, म्हणून टाकला बँकेत. चोरी केली नाही. फी भरून झाली, ते पैसे आता मिळायचे नाहीत.

पण तू तुरुंगात गेलेला मला बघवणार नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. काल तुझ्या उस्मानपुऱ्याच्या बँकेत जाऊन आले. आमच्या बेलफुलाच्या दुकानाचे पत्रे बदलायला भिशीचे पैसे ठेवले होते, त्यातून साडेपाच हजार भरले. पावती सोबत आहे. मॅनेजरनं विचारलं, आपण कोण. ज्या बाईमुळं चेक परत गेला ती मी, असं सांगितल्यावर त्यानं खुर्ची दिली.

तारखेला वेळेवर जा. तिथं ऐट दाखवू नकोस. पुढच्या भाऊबीजेला ताटात नुसती सुपारी टाक, पण टाकलेली उचलू नकोस.

तुझी अक्का

*

बजाजनगर
२६ मार्च १९९४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल बँकेच्या वकिलानं तक्रार मागे घेतल्याचा अर्ज दिला. दोन मिनिटांत मोकळा झालो. तू बँकेत सगळं सांगून टाकलंस, याचा राग अजून गेलेला नाही. मॅनेजर माझ्याकडं बघून हसतो.

कंपनीचं बिल आलं. पुढच्या रविवारी शेजारच्या बन्सीच्या टेम्पोत दुकानाचे नवे पत्रे घेऊन येतोय. मीच वर चढून ठोकणार, तुझ्या सासूबाईंना समोर खुर्ची टाकून बसव. खिळे चार इंची घेतलेत. एकदा ठोकले की मलाही उपटता यायचे नाहीत.

लोभ नसला तरी चालेल, जेवायला ठेव.

कडूबा