सहा नंबरची पेटी

३ फेब्रुवारी
नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोचलो. अकोल्यापासून आईने दिलेली तांदळाची पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, नवरदेव, करवलीला खाली ठेवा. सगळी एसटी हसली, मीही. खोली स्वच्छ आहे. कारखान्यातले कॅमेरे आणि संगणक माझ्याकडे. स्वतंत्र टेबल मिळालं, स्क्रू-ड्रायव्हरचा नवा संच मिळाला. मी खूश आहे.

४ फेब्रुवारी
सुपरवायझर वाल्मिकभाऊंनी कारखाना दाखवला. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रत्येक प्रेसला दोन बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही तळवे बटणांवर असतील तरच प्रेस खाली येतो. हात साच्यात राहूच शकत नाहीत. सहा नंबर बंद आहे. मागच्या महिन्यात तिथे रुपाली नावाच्या मुलीचे दोन्ही हात गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत ती संपली. तिने घाईत स्वतःच हात घातले, असं वाल्मिकभाऊ म्हणाले. कसे, ते मी विचारलं नाही.
तिची आई गोजरबाई रोज फाटकाशी बसते. पाथर्डीकडची. मला म्हणाली, पोरीच्या हातात कोयता न्हाई येऊ दिला म्या. उसात नको म्हनून हितं धाडली.

६ फेब्रुवारी
सहा नंबरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा छोटा संगणक टेबलावर आला. दोन वह्या एकावर एक ठेवाव्यात एवढा. सगळे त्याला पेटी म्हणतात. अपघाताच्या दिवसापासून बंद आहे. पोलिसांना चित्रण हवंय.
रबरी पायांखाली चार स्क्रू. झाकण सरकवून काढलं. आत तेल आणि लोखंडाची भुकटी. पंख्याच्या पात्यांत हिरव्या बांगडीचा तुकडा. जाळीची भोकं त्याहून बारीक आहेत. तुकडा कागदात गुंडाळून ठेवला. पंखा साफ केला. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. मेमरीची पट्टी खोडरबराने घासून परत बसवली.
पेटी सुरू झाली. चित्रण शाबूत.
पाहिलं. सकाळी वाल्मिकभाऊ येतात, दोन्ही बटणांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळतात. मग प्रेस थांबतच नाही. रुपाली त्याच्या तालावर माल भरते, काढते, भरते. एकदा ताल चुकतो.
वाल्मिकभाऊ धावत येतात. आधी पट्ट्या सोडतात. मग तिला उचलतात.

७ फेब्रुवारी
वाल्मिकभाऊंना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, भागवत, नवीन हायेस, शाना हो. पेटी जळाली म्हनून लिहून दे. तुला कायम करतो.
मी चित्रण पुसलं. लिहून दिलं.
संध्याकाळी गोजरबाईने विचारलं, घावलं का काही? म्हटलं, आत काही उरलं नव्हतं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. म्हणाली, आसू दे, लेकरा. प्रेसवरच्या बायांनी सांगितलंय मला. ज्यानं बांदलं आन ज्यानं लपवलं, त्यास्नी ती सोडायची न्हाई. लई हट्टी हाय माजी पोर.
'हाय' म्हणाली, 'होती' नव्हे.

१० फेब्रुवारी
पेटी लावली. रिकामी असायला हवी होती. चित्रण आपोआप सुरू झालं. सहा नंबर. स्टुलावर वाल्मिकभाऊ. प्रेस खाली येतो.
कोपऱ्यात तारीख उद्याची.
त्यांना सांगितलं नाही. सांगू शकलो असतो.

११ फेब्रुवारी
सहा नंबर आज पुन्हा सुरू केला, पण बाया त्यावर बसेनात. वाल्मिकभाऊ म्हणाले, भुतं काय फक्त तुमालाच दिसत्यात का गं, आणि स्वतः बसले. भर दुपार, सगळ्यांसमोर. हात साच्यात होते. बटणांवर पट्टी नव्हती, कुणाचा तळवा नव्हता. प्रेस आला.
जिवंत आहेत. दोन्ही हात गेले.
त्यांना गाडीत घालताना मला बरं वाटलं. हे लिहून ठेवतो. बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
आज चित्रणात स्टुलावर मी.
तारीख नाही.
पेटी उघडली. साठवणीची पट्टी काढली — चित्र चालू. मेमरी काढली. पंखा. विजेची वायर. शेवटी प्रोसेसर. सगळं फडक्यावर मांडलं, एकेक मोजून. पडद्याची वायर रिकाम्या डब्यात, आणि पडद्यावर माझे हात —
माल भरताहेत. काढताहेत.

१३ फेब्रुवारी, सकाळ
फाटकावर गेलो. गोजरबाईला सगळं सांगितलं. पट्ट्या, चित्रण, मी. ती रडली नाही. म्हणाली, मला कशाला सांगतो आता? तिला सांग.

दुपार
जेवणाची सुट्टी. शेडमध्ये कुणी नाही. तिच्या स्टुलावर बसलोय. लिहूनच देतो.
रुपाली, मी पाहिलं होतं. मीच पुसलं. त्यांनी आधी पट्ट्या — मी पोलिसांना सांगेन, आजच —
मेन स्विच बंद आहे. दोनदा पाहिला.
तरी प्रेसचा पट्टा फिरतोय.
वही मांडीवर होती. आता साच्यावर आहे. मी वही धरून लिहितोय, म्हणजे माझे दोन्ही हात