आपल्या दाराची खरी उंची

चिरंजीव धाकट्यास थोरल्याचे अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्नीची गुडघेदुखी शमली असावी, अशी प्रार्थना रोजच्या पूजेत करतो. माझी प्रकृती उत्तम असून सध्या वाचनास सवड विपुल आहे. (कारण यथावकाश.)

मळ्यातल्या घराची नवी फरशी करण्याचे माझ्या चिरंजीवांनी मनावर घेतले. तू जाणतोसच, आपल्या दारातून वाकल्याशिवाय प्रवेश नाही. देहाबरोबर अहंकारही नमावा म्हणून आजोबांनी ते बुटके केले, असे मी चाळीस वर्षे येणाऱ्याजाणाऱ्यास निरूपण करीत आलो. तू लग्नानंतर प्रथम सपत्नीक आलास, चौकटीवर कपाळ आपटलेस, आणि थंड पाण्याऐवजी मी तुला अहंकारावर प्रवचन दिले. "दादा, दार मोठं झालं की कळव," एवढे बोलून तू परतलास. त्यास बावीस वर्षे झाली. तेव्हापासून बांधापर्यंत येतोस, घरात येत नाहीस.

तर गवंडी आला, चौकट निरखून म्हणाला, "काका, आणखी एक थर दिला तर रांगत यावं लागेल." मी नम्रतेचा महिमा सांगू लागलो. त्याने तो ऐकला, आणि पहार घेऊन खणू लागला. माझ्या लाद्या निघाल्या. (वीज आली त्या वर्षीच्या, चकचकीत.) त्याखाली वडिलांची दगडी फरशी, ओल येते म्हणून भराव घालून बसवलेली. त्याखाली आजोबांची मातीची जमीन, आणि तिच्यात घट्ट रोवलेले चौकटीचे पाय. दीड हात चौकट आपण पुरली होती. दर खेपेस सुतार दाराच्या फळ्या खालून कापून गेला, आणि कोणी चकार शब्द काढला नाही. आजोबा घरात सर्वांत उंच होते रे. त्यांनी दार स्वतःच्या मापाचे केले होते. नम्रता आम्ही वरून ओतली.

"आता प्रवचन कशावर?" सूनबाईंनी विचारले. मी गवंड्याच्या चहाची चौकशी केली.

चिरंजीवांनी मूळ जमिनीवरच नवी फरशी बसवली आहे. तू कळव म्हणाला होतास. कळवतो. चूक दाराची नव्हती, तुझीही नव्हती.

तुझा,
दादा

ता. क. इतक्या वर्षांत अंगणही वर आल्याने दारातून आत येताना आता दोन पायऱ्या उतराव्या लागतात. पहिल्याच दिवशी मी सवयीने डोळे मिटून, मान लववून आत शिरलो. पाय प्लॅस्टरमध्ये आहे. वाचनाची सवड ती हीच.

पुन्हा ता. क. चौकटीवरचा दिवा गेला आहे. तो बदलण्यास हात पुरेल असा उंच माणूस घराण्यात तूच उरलास. शिडी आहे, पण ती सापडत नाही, असे मी सर्वांस सांगून ठेवले आहे.